चाळीस इंची गोल सुई

मोजमापात आपला हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नाही, असं सुधाकररावांचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं होतं की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही! सातपुड्याच्या पायथ्याच्या छोट्या जळगावच्या तहसील कचेरीत शेतांच्या नकाशांवर नऊ वर्षं मान मोडलेला माणूस तो. बांधावर उभं राहायचं, डोळे बारीक करायचे आणि सांगून टाकायचं, "सात एकर, अकरा गुंठे!" साखळी टाकून मोजलं की पाचच एकर निघायचे, पण मग साखळीच ताणलेली असायची. सुधाकरराव कधी चुकले नाहीत.

तर त्या वर्षी दिवाळी सरली आणि या गृहस्थांनी घरात बायकोला जाहीर केलं, "सुलभा, यंदा आईले थंडी वाजणार नाही. मी पाहून घेतो सगळं!"

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर हे बोलणं साधं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या आई, सरस्वतीबाई, न्यूमोनियातून जाता जाता राहिल्या होत्या. सातपुड्यावरून वारा सुटला की जळगावात पहाटे माणसाची बोटं वळत नाहीत, आणि ही माउली त्या वेळी आंघोळ करून, ओल्या केसांनी देवापुढे बसायची, मग चुलीपुढे. उघड्या पाठीवर काय ती एक लोकरीची धाबळी, आणि हात कामात गुंतले की तीही घसरायची. नवरा गेला त्या दिवशी त्यांनी चोळी सोडली होती. तेव्हापासून अकरा वर्षांत शिवलेला कपडा त्यांच्या अंगाला लागला नव्हता. लोकर चालायची, लोकरीला विटाळ नाही. पण तिला सुईदोरा लागला की संपलं! मागच्या वर्षी डॉक्टरांनी निघताना सुधाकररावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा छातीत थंडी भरली, तर माझ्या हातात काही नाही." सुधाकररावांची चार भावंडं लहानपणीच गेलेली, वडील गेलेले. आई तेवढी उरली होती. ते वाक्य वर्षभर त्यांच्या पोटात रुतून बसलं होतं.

उपाय खरं म्हणजे सुलभाने काढला. तिने खामगावला शाळेत असताना बाईंपाशी एक नवलाची सुई पाहिली होती. दोन आखूड सुया, आणि मध्ये बारीक तारेने जोडलेल्या. तिच्यावर विणत गेलं की काम गोल गोल फिरतं आणि आख्खी नळीच तयार होते. मागचा भाग नाही, पुढचा भाग नाही, मग शिवायचं काय नि कशाला!

"म्हंजे अंगाले ओढून बसणारं बिनबाह्यांचं लोकरीचं अंगडं, अन् सुईदोरा कुठंच नाही!" सुलभा म्हणाली. "सासूबाईले नाही म्हणायले जागाच राहणार नाही."

मुंबईच्या एका दुकानाच्या यादीत अशा सुया निघाल्या. सोळा इंची, चोवीस इंची, बत्तीस इंची आणि चाळीस इंची. सुलभाने चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, चोवीस इंची. चिठ्ठी घेऊन सुधाकरराव कचेरीत गेले. इथपर्यंत सगळं ठीक होतं हो! पण शेजारच्या टेबलावर शेषराव बसायचे, आणि विचारलं नसताना सल्ला देणं हे त्यांचं मुख्य काम होतं. कागदांच्या नकला उतरवणं जोडकाम.

"चोवीस?" शेषराव म्हणाले. "कायले बे एवढी आखूड? समज, कमी पडली मग?"

"बायकोनं लिहून देल्लं."

"बायकोनं! अन् मोजणीदार कोण, तू का ती? हे पाय, दोर लांब असला तर उथळ विहिरीतलंही पाणी निघते. आखूड दोर खोल विहिरीत काय करीन?"

सुधाकररावांना हे एकदम पटलं. लांबीत कसली आली काटकसर! त्यांनी चोवीसवर रेघ मारली आणि चाळीस लिहिलं. वर सहीसुद्धा केली, कचेरीतली सवय.

या जळगावाला आगगाडी नव्हती; नांदुऱ्याच्या स्टेशनावरून पार्सल मोटारीने आलं, तोवर मार्गशीर्ष लागला होता. सुलभाने कागद सोडला, सुई बाहेर काढली आणि ती जमिनीवर पसरून नुसती पाहतच राहिली.

"हे काय आणलं?"

"चाळीस इंची! कमी पडायचं नावच नोको."

"अहो, कमी पडणं नाही, इथं जास्तच पडते! याच्यावरचे फंदे, म्हंजे लोकरीचे वेढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरले पाहिजेत, तवा तर गोल जुळते. आखूड सुईवर लय फंदे दाटीनं बसतात, लांब सुईवर थोडे फंदे पुरतच नाहीत! सासूबाईचा घेर किती? अठ्ठावीस इंच नाही भरणार. आता चाळीस इंचाच्या खाली काही विणताच येत नाही मले."

सुधाकररावांनी डोळे बारीक केले. विहीर आणि दोर मनाशी पुन्हा जुळवून पाहिले. जुळेनात.

"परत पाठवू," ते हळूच म्हणाले.

"अन् दुसरी येईन कवा? संक्रांतीले? तवापर्यंत थंडी थांबणार आहे का?"

ती थांबणार नव्हती. आतून सरस्वतीबाईंचा खोकला ऐकू आला. छोटासा, कोरडा. सुलभाने पदर खोचला, तपकिरी लोकरीचा गुंडा घेतला आणि फंदे टाकायला बसली. मोठं तर मोठं, वरून दुमडून घेऊ म्हणाली.

फंदे झाले दोनशे. आता दोन्ही टोकं जुळवायची. सुलभा म्हणाली, "इथं नीट पाहा बरं. सगळे फंदे एकाच बाजूले पाहिजेत. मधात कुठं तारेवर पीळ पडला, तर पुढं सुधरता येत नाही."

"आण इकडं!" सुधाकररावांनी तार दोन्ही हातांत धरली. नकाशावरची हद्द तपासावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकदा उजेडाकडे वळले, एकदा भिंतीकडे. आणि वळता वळता तारही वळली, ते काही त्यांच्या लक्षात आलं नाही. "एकदम बरोबर! चालू दे!"

सुलभाने चालू दिलं. सासूबाईंपुढे एकदम तयारच ठेवायचं म्हणून ती चोरून विणायची. माजघरात पावलं वाजली की पदराखाली. सरस्वतीबाईंनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला! चार वर्षं झाली होती सुलभाच्या लग्नाला. सून लोकर विणते आहे, आणि सासूपासून लपवते आहे. दुसरं काय असणार!

दुसऱ्या दिवसापासून सुलभाच्या हातून बादली गेली. "तू वाकू नोको," सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी जातं गेलं. चौथ्या दिवशी शेजारच्या गोजरबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. गोजरबाईही त्यांच्यासारख्याच, चोळी सोडलेल्या. वयाने थोरल्या. गल्लीतल्या सोवळ्याओवळ्याचा सगळा निकाल त्यांच्यापाशी व्हायचा, आणि त्यावर अपील नव्हतं! त्यांनी सुलभाच्या तोंडात लाडू कोंबला आणि डोळे पुसले. तेव्हा कुठे पोरीच्या ध्यानात आलं. लाडू गिळवेना आणि थुंकवेना.

"सांगून टाका हो त्यांले!" रडवेली होऊन ती नवऱ्याला म्हणाली. "विहिरीवर सासूबाई जाऊन राह्यल्या पहाटे, माझ्या वाटच्या बादल्या त्या ओढून राह्यल्या!"

"किती राह्यलं तुझं?"

"दोन दिवसाचं."

"मग दोन दिवसांनी हेच त्यांच्या हातात देऊ, अन् मग सांगू. नुसतं सांगितलं तर मन मोडीन."

मन मोडेल म्हणून दोन दिवस थांबले, आणि त्या दोन दिवसांत खोकला छातीत उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी सरस्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि श्वासाबरोबर बारीक शिटी वाजत होती. सुधाकररावांना ती शिटी चांगली ओळखीची होती.

त्याच सकाळी सुलभाने शेवटचा फंदा बंद केला. टोकसुद्धा सुईने न ओवता बोटाने आत सारलं. आणि काम सुईवरून उतरवून जमिनीवर पसरलं, तर ते पसरेचना! एक बाजू सपाट केली की दुसरी उलटायची. चाळीस इंची लोकरीचं भलंमोठं कडं, आणि त्याच्या पोटात एक जबरदस्त पीळ. काम पदराखाली गुंडाळलेलं असायचं, म्हणून तो इतके दिवस दिसला नव्हता. सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सुधाकररावांना वाटलं.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. ते कडं तसंच उचलून दोघं आईपुढे जाऊन बसली. गोजरबाई पाटावर होत्याच.

"आई, हे तुह्यासाठी आहे," सुधाकरराव म्हणाले.

सरस्वतीबाईंनी कड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मह्यासाठी? म्हंजे... बाळासाठी नाही?"

सुलभाने नाही म्हणून मान हलवली. तिच्या डोळ्यातून पाणी टपकलं. सरस्वतीबाईंनी सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि थोपटला. "असू दे. होईन तवा होईन," त्या म्हणाल्या. "पण मी शिवलेलं घालत नाही, तुले माहीत आहे ना?"

"सुईदोरा लागलाच नाही, सासूबाई! गोल विणलं, एका धाग्यात."

"गोजरबाई म्हणतीन ते खरं."

झालं, खटला गोजरबाईंपुढे गेला. त्यांनी चष्मा चढवला आणि कड्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता बोट आतल्या बाजूला गेलं, तिथून पुन्हा बाहेर आलं. "आं? हे आत का बाहीर?" पुन्हा फिरवलं. शिवण कुठेच सापडेना. "नाही बाप्पा, टाका नाही कुठं. पण डोकं कुठून घालाचं याच्यात? बैलाची झूल आहे का काय वं?"

"हे असं... नाही, असं," सुधाकरराव पुढे सरसावले. माप त्यांचं, मार्गदर्शनही त्यांचंच!

"थांब रे, मीच पाहते." गोजरबाईंनी कडं डोक्यावरून घेतलं. डोकं गेलं, एक हात गेला. दुसरा हात पिळात शिरला आणि भलतीकडूनच बाहेर आला. त्यांनी हिसका दिला, तसा पीळ आणखी आवळला. दोन्ही हात वर, चष्मा लोकरीत, आणि आतून आवाज, "अवं माय! सोडवा वं मले!" सुलभा एकीकडून ओढते आहे, सुधाकरराव दुसरीकडून. आणि या ओढाताणीत गोजरबाईंची धाबळी खांद्यावरून सुटली आणि खाली पडली.

धाबळीच्या आत फ्लॅनेलची बंडी होती. पांढरी, जाड, पाठीवर नीट बसलेली. पुढे पाच बटणं. शिवण अशी की कोणत्याही शिंप्याने छाती फुगवून दाखवावी!

सुधाकररावांनी नजर जमिनीवर खिळवली. वर अडकलेल्या दोन हातांच्या मधून गोजरबाईंचा चेहरा हळूहळू बाहेर आला, आणि काय उघडं पडलं, हे त्यांना कळलं.

"कवापासून?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"तीन हिवाळे झाले," गोजरबाई म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली. "दमा उठला होता. पोरीनं पाठवली. रोज देवापुढं नाक घासते मी."

"तीन हिवाळे." सरस्वतीबाईंना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्या थांबल्या. "अन् मी तुमच्याकडं पाहून कुडकुडत राह्यली, गोजरबाई. म्हणलं, ह्या थोरल्या असून सोसतात, तर मले काय झालं?"

"अन् मी तुमच्याकडं पाहून चोरून घालत राह्यली," गोजरबाई रडायलाच लागल्या. "म्हणलं, सरस्वतीबाईले कळलं तर तोंड कसं दाखवू!"

सरस्वतीबाई गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकल्या. फ्लॅनेलची कड दोन बोटांत धरून चोळून पाहिली. तळवा तसाच गोजरबाईंच्या पाठीवर ठेवला.

"गरम राहते का वं?"

"लय गरम राहते."

बाहेर वारा भणभणत होता. सरस्वतीबाईंनी तळवा काढला नाही.

"शिंपी कोणता?" त्या म्हणाल्या.

सुधाकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. इतक्या दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. ते उठले, टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या. "आत्ता बोलावतो, आई! संध्याकाळच्या आत शिवून घेतो! थांब, माप तेवढं घेऊन—"

"बस खाली," आई म्हणाली. "माही जुनी चोळी आहे पेटीत, तळाले, कापूर घालून ठेवलेली. तिच्यावरून घेईन तो. माप तू नोको घेऊ."