खिडकीत वाळत घातलेली बाई

"मी आता भांडी बंद करणार. यापुढे माणसं करणार," सूनबाईंनी चहा पिता पिता जाहीर केलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "का? घरातली आहेत ती कमी पडतात?"

लग्नाआधीपासून सूनबाई चाकावर कप, बरण्या, फुलदाण्या करत आल्या होत्या. हात इतका बसलेला, की डोळे मिटले तरी बरणी व्हायची. पण बरणी पाहून कोणी लाजत नाही, कोणी रडत नाही. फार तर "झाकण घट्ट बसतं ना?" एवढंच विचारतात. त्याचाच त्यांना वीट आला होता.

घोळ असा, की हात ऐकेना. पहिल्या माणसाचं पोट सुरईसारखं झालं, मान नळीसारखी. पुतळ्याचा कमरेवर ठेवलेला हात कानासारखा धरून नवऱ्याने तो खुशाल उचलला आणि विचारलं, "चहा कुठून ओतायचा?"

आता समोर जिवंत माणूस हवा, हे सूनबाईंनी ओळखलं. तो त्यांना रविवारी दुपारी दिवाणावर सापडला. अर्ध्या चड्डीवर, कुशीला वळलेला, एक हात गालाखाली आणि पोट शेजारी वेगळं झोपवलेलं. नवरा हलत नव्हता, बोलत नव्हता, नुसता घोरत होता. असा नमुना मागून मिळत नाही. फक्त जागा झाल्यावर त्याने ओळखू नये म्हणून सूनबाईंनी मिशी वगळली, केस लांब केले आणि जिथे जिथे लागतील तिथे तिथे दुरुस्त्या केल्या. मग ती मातीची बाई जरा घट्ट व्हावी म्हणून खिडकीत ठेवली.

समोरच्या काकूंची खिडकी नेमकी त्याच खिडकीसमोर. काकू तरातरा आल्या. "मी दुपारी घटकाभर आडवी काय होते, लगेच माझा पुतळा? तोही बिनकपड्यांचा?"

"काकू, तुम्ही नाही हो त्या!"

"मला माझी कंबर कळत नाही?"

"कंबर माझी आहे," सासूबाई आतून येत कडाडल्या. "पाठीवरची ही घडी आमच्या माहेरची. अगं, सासूला उघडी करून खिडकीत बसवलीस? मोड ती आधी!"

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा हातून जिवंत काहीतरी उतरलं होतं. त्यांनी बाईला उचलून टेबलावर ठेवलं. मोडण्याआधी एकदा जवळून बघावं म्हणून काकू आणि सासूबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बाई अशी तृप्त झोपली होती, जणू तिला कोणी हाक मारणारच नव्हतं.

"खांदे मात्र छान आलेत माझे," काकू हळूच म्हणाल्या.

"तुमचे? तुमचे खांदे खुंटीसारखे. हे माझे."

आता भांडण उलटं सुरू झालं. त्या गलक्यात नवरा जांभई देत आला, दिवाणावर आडवा झाला, हात गालाखाली घेतला आणि पोट शेजारी ठेवलं.

खोली गप्प झाली. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"तरीच!" सासूबाई म्हणाल्या. "घडी माझ्याकडूनच गेलीये."

एवढ्या शांततेची सवय नसल्याने नवरा उठून बसला. मग त्याला टेबलावरची बाई दिसली. त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग आणखी एक.

"वा! काय ती गोलाई! कोण गं ही?"

"आहे ओळखीतली."

"भेटव की एकदा," तो आवाज उतरवून म्हणाला.

सूनबाईंनी माती कापायची तार हातात घेतली. मूर्ती भरीव राहिली तर भट्टीत फुटते. म्हणून ओली आहे तोवर कापून आतून कोरावी लागते. त्यांनी तार बाईच्या पोटाला लावली आणि सर्रकन ओढली.

"अगं, अगं!" नवरा ओरडला आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच पोट धरून मटकन खाली बसला.

"डोकं नको गं कोरूस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ते आधीच पोकळ आहे."