हौशा-नवशाची जोडी

खुंटीवर निळा युनिफॉर्म टांगला होता आणि त्याच्याकडं पाठ करून सोनबा चहा पीत होता. घरात कुठंही बसलं तरी ती खुंटी दिसायची, म्हणून आठवडाभर तो भिंतीकडं तोंड करूनच कप संपवत होता.

"भिंतीला काय सोनं लागलंय का?" चुलीपुढून शकू म्हणाली. "एकदा अंगात घालून तरी बघा."

"बघितला. बटनं लागत न्हाईत."

"मग पोट आत घ्या. अख्खं रान कंपनीच्या घशात घातलं, तवा इचार न्हाय केला. आता बोटभर पोट आत घ्यायला जीव जातुय व्हय?"

सोनबानं कप पुन्हा तोंडाला लावला. हिंजवडीत नव्यानं कंपन्या आल्या तेव्हाची ही गोष्ट. सोनबाची बाजरी जिथं डोलायची तिथं आता काचेची इमारत उभी होती आणि आत गारव्यात बसलेली पोरं सातासमुद्रापलीकडच्या लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेत होती. सोनबाचं गाऱ्हाणं ऐकायला मात्र कुणी बसवलेलं नव्हतं. त्याऐवजी कंपनीनं मन मोठं केलं आणि जमीन गेलेल्या घरटी एक वॉचमनची नोकरी दिली. ज्या बांधावर त्यानं जन्मात कुणाची शेळी फिरकू दिली नाही, त्याच बांधावर उभं राहून त्यानं आता येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींना सलाम ठोकायचा होता. दरोडेखोरानं घर लुटावं, मालकालाच तिथं भांडी घासायला ठेवावं आणि वर पेढे वाटावेत, तसला हा रोजगार.

सोनबाचा बेत निराळा होता. गावाभोवती जिकडंतिकडं प्लॉट पडत होते, उंचवटे कापले जात होते. गावातल्या रावसाहेबांचं मोठं मशीन होतं, पण ते बोळात शिरायचं नाही. छोटा, वापरलेला बुलडोझर घ्यायचा आणि आपल्याच पिकअपच्या मागं जोडून गावोगाव फिरायचं. ट्रॅक्टर जमिनीबरोबर गेला होता, पण त्याची ट्रॉली राहिली होती. वेल्डरकडून पिकअपला मागं हूकही लावून घेतलं होतं. पिकअप पांढरीशुभ्र, तिला आरशापाशी गोंडे, आणि तिचं नाव 'हौशा'. सोनबानं उभ्या आयुष्यात चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूला नाव दिल्याशिवाय हात लावला नव्हता.

शकूनं होकार दिला, पण अटीवर. "खंडेनवमीला पूजेला मशीन दारात पायजे. न्हाय आलं, तर दसऱ्याला ही कापडं अंगावर घालायची. बटनं लागली न्हाईत तर म्या सुईदोऱ्यानं शिवीन. तुमच्यासकट."

नवमी उद्यावर आली होती. सोनबानं कोथरूडच्या जावयाला फोन लावला.

जावई दिग्विजय सॉफ्टवेअरमध्ये होता. सासऱ्याच्याच रानावर उभ्या असलेल्या पार्कात तो रोज बसनं यायचा, हे सोनबा चारचौघांत कधी बोलत नसे. सुट्टी टाकून तो हजर झाला. "मामा, बेसिकली मी सगळा रिसर्च केलाय. इंटरनेटवर क्लिअर लिहिलंय. पिकअप आरामात साडेतीन टन ओढते. अडीच-तीन टनाचं मशीन घेऊ. नो प्रॉब्लेम."

"तसं लिवलंय?"

"चार्ट आहे, मामा."

चार्ट म्हटल्यावर सोनबानं पिकअपची किल्ली उचलली. छापलेल्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण जावयावर ठेवावा लागतो.

नाशिक रस्त्याला जुन्या मशिनींचं आवार होतं. मालकाचं नाव दिगंबर. गाव पुणे, पेठ विचारायची गरज नाही. टेबलावर पेपर पसरून बसला होता. सोनबा आणि दिग्विजय समोर येऊन उभे राहिले, तरी त्यानं पान उलटलं.

"बुलडोझर बगायचा हुता," सोनबा म्हणाला.

"बघायचा असेल तर रस्त्यावरूनही दिसतो. घ्यायचा असेल तर आत या."

दिग्विजयनं साडेतीन टन सांगितले. दिगंबरनं चष्मा कपाळावर चढवला. "कुठली पिकअप ओढते म्हणालात?"

"जनरल. पिकअप."

"आपण अमेरिकेतला तक्ता वाचलात. त्यांच्या पिकअपच्या बॉनेटवर तुमची ही गाडी पाय पसरून झोपेल. बाहेर उभी आहे ती टोमॅटो वाहायला केलीय. तिला झेपेल असं माझ्याकडं एकच मशीन आहे."

ते मशीन पिवळं होतं. बुटकं, रुंदीला बैलगाडीएवढं, टनाला थोडं जास्त. इंजिन एका फटक्यात सुरू झालं, साखळ्या ताठ होत्या, पुढचं पातं सरळ वर-खाली झालं. दिग्विजयनं चार प्रश्न विचारले, दिगंबरनं चार सरळ उत्तरं दिली. तिथंच हा व्यवहार व्हायचा आणि आपली गोष्टही संपायची.

पण सोनबा मशीन घ्यायला आला नव्हता. तो जोडी जुळवायला आला होता.

चाकणच्या बाजारात त्यानं आणि त्याच्या बापानं बैल घेतले होते, आणि बैल घ्यायची एकच रीत त्याला ठाऊक होती. पहिला बैल घरी असला की दुसरा त्याच्या रंगाचा, त्याच्या उंचीचा बघायचा. एक पांढरा आणि एक तांबडा जुंपून वेशीतून जाणाऱ्याला गाव हसतं. सोनबानं पिवळ्याभोवती एक चक्कर मारली, मग हौशाकडं बघितलं, आणि मान हलवली.

"खुजा हाय. आन रंग? हळद लावल्यागत. हौशाशेजारी उभा ऱ्हायला तर नवरदेवाचा करवला दिसंल."

"मामा, रंगाचा काय संबंध?"

"जावईबापू, तुमी संगणक घेताना बघता का न्हाय?"

आवाराच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, एक दुसरं मशीन उभं होतं. कुठल्याशा कारखान्यानं हौसेनं रंगवलेलं, डोक्यापासून साखळीपर्यंत पांढरंफेक. पिकअपच्या टपाएवढी उंची. सोनबाचे डोळे चमकले. त्यानं जवळ जाऊन साखळीचे पत्रे खुरासारखे ठोकून बघितले, पात्यावरून हात फिरवला, मागं जाऊन शेपूट बघितल्यागत सायलेन्सर बघितला.

"ह्यो आपला नवशा," तो म्हणाला.

"तो पिवळ्याच्या दुप्पट आहे," दिगंबर म्हणाला. "मी विकायलाच बसलोय, मला दोन्ही सारखेच. पण सांगतो, तुमच्या गाडीला तो ओढवणार नाही."

"जुंपून बगू की. बाजारात बैल जुंपल्याबिगर कोन देतंय?"

जुंपलं. नवशा स्वतःच्या पायानं फळ्यांवरून घरच्या, सोबत आणलेल्या ट्रॉलीत चढला, ट्रॉली हुकाला लागली, आणि हौशानं पहिल्या गिअरमध्ये ओढ घेतली. सगळं लटांबर सुरळीत फाटकापर्यंत गेलं. दिग्विजयनं टाळ्या वाजवल्या. आवाराला फाटकाकडं उतार आहे हे एकट्या दिगंबरला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

सोनबानं उपरणं पसरलं आणि त्याखालून आपला हात दिगंबरपुढं केला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली, बोटं दाबून.

दिगंबर उपरण्याकडं बघत राहिला. "हात पुसायचेत का? नळ तिकडं आहे."

भाव अखेर तोंडानंच ठरला.

नाशिक रस्त्यापासून वाकडपर्यंत रस्ता सपाट. हौशा धापा टाकत होता, पण चालत होता. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, आणि लोक जोडी बघून हॉर्न वाजवतायत असं समजून सोनबा हात करत होता. हिंजवडीत शिरले तेव्हा कंपन्या सुटायची वेळ झाली होती.

सोनबाच्या वस्तीला जायला एकच वाट उरली होती, कंपनीच्या गेटासमोरून चढणारी. कंपनीनं ती नुकतीच गुळगुळीत डांबरी केली होती आणि चढ सुरू होतो तिथंच, ज्या कुणाला बैलगाडी कधी हाकावी लागली नव्हती अशा हुशार माणसानं, एक गतिरोधक घातला होता. हौशा त्याच्यावर चढला. ट्रॉली अलीकडंच राहिली. नवशाचं सगळं वजन मागं ओढायला लागलं आणि हौशाचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले.

"मामा, आपण वर चाललोय!" दिग्विजय किंचाळला.

"वरच तर जायचंय," सोनबा म्हणाला, आणि त्यानं ॲक्सिलेटर दाबला. चाकं जागेवर फिरली. जळक्या क्लचचा वास सुटला, आणि इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं. हौशानं मान टाकली.

वरून कंपनीच्या बसगाड्या, खालून कंपनीच्या बसगाड्या. गेटावरचा वॉचमन साईनाथ पळत आला. यवतमाळकडचा गरीब स्वभावाचा पोरगा. "काकाजी, बाजूला घ्या ना जी. माही नोकरी जाते."

त्याच्यामागून कंपनीच्या व्यवस्थापक प्रियदर्शनी मॅडम वॉकीटॉकी घेऊन आल्या. "हे काय चाललंय? हूज व्हेइकल इज धिस? आमचे चारशे लोक अडकलेत!"

"आमचं आक्खं गाव अडाकलंय, बाई, तुमी आल्यापास्नं," सोनबा म्हणाला. "जरा दम धरा."

पहिल्या बसमधून दिग्विजयच्या टीममधली पोरं खिडकीतून मोबाइलनं फोटो काढायला लागली. "दिग्या, आज सिक लीव्ह ना?" दिग्विजय पिकअपच्या सीटखाली जाण्याचा प्रयत्न करत होता.

सोनबानं विचार केला तो शेतकऱ्याचाच. एक बैल बसला की काय करायचं? दुसऱ्याला पुढं घ्यायचं. त्यानं ट्रॉलीच्या चाकांखाली दगड लावले, फळ्या टाकल्या, नवशा सुरू केला आणि खाली उतरवला. वळसा घालून पुढं नेला आणि साखळदंडानं हौशाला बांधला. मग जिनं बुलडोझर ओढून न्यायचा, ती पिकअप, तिच्यामागची रिकामी ट्रॉली आणि आतला जावई, हे सगळं बुलडोझर ओढत चढ चढला. बसमधल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मॅडमची शिट्टी नव्हती, किंकाळी होती. नवशाच्या लोखंडी साखळ्यांनी नव्या डांबरावर खालपासून वरपर्यंत दोन वेण्या घातल्या होत्या.

"रोडचं काय केलंत तुम्ही!"

"ह्याच्याखाली माझी बाजरी हाय, बाई," सोनबा वरून ओरडला. "नांगरल्याबिगर तिनं कवा काय दिलंच न्हाय!"

नवमीला दारात पूजा झाली. शकूनं दोघांना हळदकुंकू लावलं, नारळ मात्र नवशापुढं फोडला. "ओढतो त्याचा मान," ती म्हणाली. सोनबानं खुंटीकडं तोंड करून चहा घेतला.

कामं येऊ लागली. पण हौशाचा क्लच गेला होता आणि नवा बसवला असता तरी नवशा त्याच्यानं चढावर हलणार नव्हता. मग सोनबा नवशाला पायीच न्यायचा. सकाळी जाताना दोन वेण्या, संध्याकाळी येताना दोन. कंपनीनं रस्ता बुजवला की हा परत उकरायचा. साईनाथ रोज हात जोडायचा, "काकाजी, नका ना," आणि सोनबा त्याला तंबाखू देऊन पुढं जायचा. बाकीचे वॉचमन गावचेच, कुणी पुतण्या, कुणी भाचा. कोण अडवणार?

शेवटी प्रियदर्शनी मॅडम स्वतः घरी आल्या. शकूनं चहा टाकला.

"हे बघा, काका. ती गेटवरची नोकरी अजून तुमचीच आहे. खरं तर एक खास पोस्ट केलीय, याच रस्त्यासाठी. साखळीचं मशीन रस्त्यावर चालता कामा नये. ट्रॉलीवरून न्या, आमची हरकत नाही. तुम्हीच पहारा द्या, म्हणजे प्रश्न मिटला."

सोनबा मांडी ठोकून हसला. "म्हंजी म्याच मला अडवायचं? बाई, ह्या सोनबाला अडवील असा माणूस अजून ह्या गावात—"

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं, पण उशीर झाला होता. शकू खुंटीपाशी गेली होती. तिनं निळा शर्ट काढला, झटकला, पोलक्यावरून अंगात घातला आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटनं लावली. एकही अडलं नाही.

"बाया चालत्यात का तुमच्यात?" तिनं विचारलं.

"चालतात काय," मॅडम म्हणाल्या, "पाहिजेतच."

दुसऱ्या दिवशी सोनबा नवशावर बसून ऐटीत चढ उतरायला लागला. खालून शिट्टी आली. अशी शिट्टी की वरच्या मजल्यावरच्या पोरांनी काचेला नाकं लावली. लुगड्यावर निळा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि रस्त्याच्या मधोमध शकू.

"शके, बाजूला हो. काम हाय माझं."

"माझंबी हे कामच हाय. साखळीवर न्हाय सोडनार. जोडून आना."

"हौशा ओढत न्हाय ह्याला!"

"मंग त्यो वढील असला आना. त्या दिगंबरानं दाखवला हुता म्हनं. जावईबापू बोलले मला." तिनं घड्याळाकडं नजर टाकली. "घरी भाकरी झाकून ठेवलीय. खा आन मागं फिरा."

बुलडोझर वळवायला वेळ लागतो. तेवढा वेळ अख्खी कंपनी बघत होती.

दिगंबरनं या वेळीही पेपर खाली ठेवला नाही. "पिवळा आहे अजून. मी झाकूनच ठेवला होता. घरून पाठवलं वाटतं?"

सोनबानं नवशाची किल्ली टेबलावर ठेवली. पांढरा देऊन त्यानं पिवळा घेतला. पण जोडीचं काय? हळद लावलेला करवला घेऊन वेशीतून जायचं काळीज त्याला नव्हतं. क्लच बसवायला हौशा गॅरेजला होताच. तिथंच त्यानं हिशेब उलटा केला आणि रंगाऱ्याला सांगितलं, "हौशाला हळद लाव. डोक्यापास्नं पायापातूर, काय बी सोडू नगं."

रंगारी शब्दाचा पक्का होता.

सोमवारी सकाळी पिवळी पिकअप, पिवळा बुलडोझर ट्रॉलीवर घेऊन, गतिरोधक ओलांडून, सबंध चढ एका दमात चढून गेली आणि लगेच मिरवत खाली आली. सोनबानं गेटापाशी हॉर्न दिला. छाती इतकी पुढं आली होती की शर्टाचं एक बटन उडालं.

शकूनं रस्त्यात आडवा दांडा टाकला. ती जोडीभोवती सावकाश एक चक्कर मारून आली, अगदी बाजारात मारतात तशी. पात्यावर थाप मारली, हौशाचे गोंडे सारखे केले. तोंडावर हसू आलं होतं, ते तिनं टोपीखाली लपवलं.

"जोडी झ्याक जमलीय," ती म्हणाली.

"मंग सोड की आता!"

"सोडते की. पन गाडीचा नंबर कुठंय?"

सोनबा खाली उतरला. पुढची पाटी पिवळी. मागची पाटी पिवळी. नंबराचं नावनिशाण नाही.

"नंबर दिसल्याबिगर गाडी सोडायची न्हाय, असा नियम हाय," शकू म्हणाली. "बसा खाली. खरवडा."

मागं कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागली. पहिल्या बसच्या खिडकीतून दिग्विजयनं सासऱ्याला बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. सोनबा रस्त्यावर मांडी घालून, किल्लीनं पाटी खरवडत होता आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून शकू बसगाड्यांना शिट्ट्या मारत होती, "थांबा वं जरा! माझा मानूस काम करतुय!"