द्वारकेची तब्येत

तायडे सर काळीपिवळीत चढले की आधी कापडी पिशवी शेजारच्याच्या मांडीवर ठेवतात, मग चष्मा पुसतात आणि जीप कामरगावच्या बाहेर पडायच्या आत विचारतात, "द्वारकेनं त्या दिवशी दार का उघडलं नसेल?"

नवा माणूस असला तर गडबडून खिडकीबाहेर बघतो. जुनी मंडळी मात्र सरसावून बसतात. कोणी म्हणतं, नवऱ्यानं सकाळी चारचौघांत पाणउतारा केला, त्याचा राग असेल. कोणी म्हणतं, झोप लागली असेल बिचारीला, दिवसभर राबते. आमचा ड्रायव्हर गजू आरशातून मागे बघत म्हणतो की कडी गंजली असेल. सर सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, "मजकुरात पुरावा दाखवा."

मजकूर कसला, हे जीपमध्ये फक्त मला ठाऊक होतं. मी कारंज्याला मेडिकलमध्ये काम करतो, रोज याच जीपनं जातो, आणि त्याआधी कारंज्याच्या कॉलेजात सरांकडून मराठी शिकलो आहे. द्वारका ही एका शंभर वर्षं जुन्या कादंबरीतली थोरली सून. मोठं घर, सतरा माणसं, शहाणा पण घुमा नवरा, आणि सगळ्यांचं करूनही कोणाशी न बोलणारी ही बाई. कादंबरीचे तीन भाग आहेत. पूर्ण वर्ष संपलं तरी आमचा वर्ग त्या बंद दाराच्या पुढे सरकला नव्हता. परीक्षेत प्रश्न तिसऱ्या भागावर आला आणि आम्ही सगळ्यांनी दारावर लिहून दिलं.

बाकीच्यांना द्वारका सरांच्या नात्यातली वाटायची. चूक त्यांची नव्हती. सर कधी "कादंबरीत" असं म्हणतच नाहीत. "पात्र म्हणू नका, माणूस म्हणा," असं ते आम्हाला वर्गात बजावायचे, "पात्र म्हटलं की पाच मार्क मिळतात आणि माणूस हातचा जातो." त्यामुळे गजूच्या डोक्यात पक्कं होतं की द्वारका ही सरांची आतेबहीण, तिकडे पुण्याच्या बाजूला दिलेली, आणि सासर वाईट. उतरताना लोक आपुलकीनं विचारायचे, "सर, द्वारकाबाईची तब्येत कशी हाय आता?" सर खूश होऊन म्हणायचे, "दुसऱ्या भागात जरा बरी आहे." लोकांना वाटायचं, पुण्याच्या दुसऱ्या भागात राहायला गेली.

हा पुराव्याचा आग्रह सर कुठेही सोडत नाहीत. भाजीवालीनं वांगी ताजी म्हटली की पुरावा. माझ्या मालकानं गोळी चांगली आहे म्हटलं की पुरावा, मग मालक पाकिटावरची तारीख दाखवतो आणि सर खरोखर समाधानानं मान डोलावतात. एकदा गल्लीतल्या एका सोयरिकीच्या बैठकीत पोरगा निर्व्यसनी आहे असं पोराचा मामा म्हणाला. सरांनी पुरावा मागितला आणि पोराच्या वडिलांची, काकाची, मामाची स्वभावचित्रं एका दमात उभी केली. सगळी बरोबर होती, म्हणून सोयरीक मोडली. त्यानंतर सरांना बैठकांना बोलावणं बंद झालं.

सरांचं दुसरं एक मत आहे. ते म्हणतात, वाईट माणूस कोणी नसतोच, फक्त त्याच्या वाट्याला लेखकानं पानं कमी दिलेली असतात. हे मत त्यांनी गजूच्या सासऱ्यालाही लावून पाहिलं. गजू महिनाभर सरांशी बोलला नाही, पण सासऱ्याकडे जाऊन आला.

घरी ऐकायला सरांची बायको, निर्मलाकाकू होत्या. सर संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून पुस्तक उघडायचे आणि काकू सुपात तुरीची डाळ निवडत बसायच्या. सर वाचणार, थांबणार, समजावणार. काकू "हं" म्हणणार. काकूंना यातलं किती कळायचं देव जाणे, पण तो "हं" इतका वेळेवर यायचा की सरांना आणखी कोणी लागलंच नाही. मित्र नाहीत, पत्त्यांचा अड्डा नाही. मुलगी हैदराबादला. ती रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि सर तिला अर्धा तास छताचा पंखा दाखवतात.

साथीच्या वर्षी काकू गेल्या. अकोल्याच्या दवाखान्यात गेल्या आणि तिथूनच गेल्या, घरी आणलंच नाही. त्या दिवसांत कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. पुढे सगळं सुरू झालं तेव्हा एका सकाळी सर पिशवी घेऊन जीपमध्ये येऊन बसले. निवृत्त माणसाला कारंज्यात काय काम? वाचनालयात पेपर चाळायचा आणि दुपारच्या जीपनं परत यायचं. खरं काम जाता-येताच्या रस्त्यावर होतं. त्या जीपमध्ये त्यांनी पहिल्या पानापासून द्वारका सांगायला घेतली. मधेच मागे जायचे, दाराशी अडायचे, पुन्हा सुरू करायचे. तिसऱ्या भागाकडे काही केल्या जात नव्हते.

या उन्हाळ्यात एका सकाळी सर चढले, पिशवी स्वतःच्याच मांडीवर ठेवली आणि काही विचारलं नाही. गावाबाहेरचा पूल गेला तरी नाही. शेवटी गजूनंच विचारलं, "काय सर, तब्येत बरी नाही का?"

"द्वारका गेली," सर म्हणाले. "काल दुपारी."

गजूनं गाणं बंद केलं. जीपमधल्या बायांनी पदर डोक्यावर घेतले. सरांनी शेवटी तिसरा भाग उघडला, हे मला कळलं; पण ही पुस्तकातली बाई हे सांगवेना, कारण सर खरंच रडवेले झाले होते.

संध्याकाळी मी परत आलो तर सरांच्या दारात चपलांचा ढीग. आमच्याकडे मयताच्या घरी बसायला जायची रीत आहे. उद्या कोणाला तरी कळणार की आपण कागदावरच्या बाईसाठी डोळ्याला पदर लावून आलो. मग चेष्टा होणार, कोणी चिडणार, आणि जीपमध्ये सरांच्या प्रश्नाला कोणी उत्तर देणार नाही. त्या जीपशिवाय या माणसाला बोलायला दुसरी जागा नव्हती. वेळेत सरांना बाजूला घ्यायचं आणि सगळं हसण्यावारी न्यायचं, असं ठरवून मी आत शिरलो.

आत सतरंजीवर गजू होता, त्याची बायको होती, जीपमधल्या तीनचार बाया होत्या. समोरच्या घरातली कौतिकामाय भाकरी आणि बेसन घेऊन आली होती, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. ती याच जीपनं जाऊन कारंज्याच्या बाजारात भाजी विकते आणि वांग्यांचा पुरावा रोज तीच देते. सर मधोमध बसले होते आणि गोंधळून एकेकाकडे बघत होते. माझ्याकडे त्यांची नजर आली तेव्हा मला कळलं की लोक कशासाठी आलेत हे त्यांना समजलं आहे. एक वाक्य बोलले असते तर सगळे उठून गेले असते. सर ते वाक्य बोलले नाहीत.

रीतीप्रमाणे कौतिकामायनं विचारलं, "काय झालं होतं गुरुजी? पयलेपासून सांगा."

सरांनी सुरुवात केली. द्वारकेला ताप आला. ती कोणाला बोलली नाही, कामं करत राहिली. इथपर्यंत तिसरा भाग होता, परीक्षेनंतर मी तो स्वतः वाचून काढला होता. मग सर म्हणाले की अंगात त्राण राहिलं नाही, जिभेची चव गेली, बोटाला चिमटा लावून बघितलं तर आकडा खाली खाली जात होता. गाडी मिळेना. मिळाली तर सोबत कोणाला घेईनात. त्या कादंबरीत मोटारसुद्धा नाही. मी मान खाली घातली.

"जातानी काही बोलली का?" गजूच्या बायकोनं विचारलं. हेही विचारायचंच असतं.

सरांची कॉलेजातली भाषा सुटली. "नाही. मीच बोलून राह्यलो होतो. नर्सनं फोन तिच्या कानाशी धरला व्हता. काय बोलावं ते सुचेना मले. मंग द्वारकेचंच सांगत बसलो, जिथं राह्यलं होतं तिथून. थे हं म्हने. मी सांगो, थे हं म्हने. दुसरा भाग सरत आला आन् हं थांबला. मी थोडं अजून सांगतलं." त्यांनी चष्मा काढला. "तिसरा भाग तिले माहीतच नाही. कसा सांगू, कोनाले सांगू?"

गजू उठून पाणी घेऊन आला. कौतिकामायनं ताटात भाकरी वाढली, सरांच्या समोर सरकवली आणि ते खाईपर्यंत तिथंच बसली.

ती बाहेर आली तसा मी तिला ओट्याखाली गाठलं. हळूच म्हणालो, "माय, एक सांगायचं होतं. ती द्वारका पुस्तकातली आहे."

"मले का माहीत नाही?" ती म्हणाली. "सामने घर हाय माहं. रोज सांजच्याले वाचून दाखवे थो निर्मलेले, मी ऐकत नव्हती का? बाकीच्याईले नसंल माहीत." चपला शोधता शोधता ती थांबली. "निर्मला गेली तवा याच घरात थो एकटा बसून होता. मी खिडकीतून पायत होती. भेव वाटे, नाही गेली. मंग दिवस गेले, साल गेलं, आता कोन्या तोंडानं जावं? सकाळी जीपमदी बोलला, म्हटलं चाल, कोनाच्या नावानं का होईना."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा आत गेली. अजून थोडं बसते म्हणाली.

मी घरी आलो. आईला म्हणालो, सरांकडे उद्या सकाळचा डबा द्यायचा आहे.

"काहून? कोन गेलं?" आईनं विचारलं.

"निर्मलाकाकू," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पिठाचा डबा खाली काढला आणि विचारलं, "दोन भाकरी पुरतील का?"