बंपरखालची डबी

व्हर्नन स्टकीने ट्रकच्या दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही. मग त्याने काचेला नाक लावून आत पाहिलं. चावी सीटवर आरामात पहुडली होती.

"आत राहिली?" मागून डेल्फीनने विचारलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या पाठीवरूनही सगळं कळतं.

"राहिली. पण घाबरण्यासारखं काही नाही," व्हर्नन म्हणाला. तो असं म्हणाला की डेल्फीनला हमखास धडकी भरायची. "जादा चावी बंपरखाली आहे. चुंबकाच्या डबीत. असल्या वेळेसाठीच चिकटवून ठेवलीय."

त्याने वाकून बंपरखाली हात घातला. मग गुडघ्यावर बसून घातला. शेवटी तापलेल्या खडीवर चक्क उताणा पडून गाडीखाली शिरला.

"काळी, एवढीशी डबी का?" डेल्फीनने विचारलं. "ती मी सकाळीच काढली. म्हटलं, तुझी एक डबी इथेच चिकटून राहिली. टाकली बाकीच्यांबरोबर पिशवीत."

गाडीखाली व्हर्ननचं डोकं बंपरवर आपटलं.

आता 'बाकीच्यां'बद्दल सांगितलं पाहिजे. ॲरिझोनाच्या त्या भागात माणूस निवृत्त झाला की गोल्फ खेळतो, नाहीतर बायकोच्या पायात पायात येतो. व्हर्नन डब्या लपवायचा. डबी लपवायची, तिची जागा नेटवर जाहीर करायची, मग हौशी मंडळी फोन हातात धरून शोधायला निघतात, आतल्या चिठ्ठीवर सही ठोकतात आणि डबी जागच्या जागी ठेवतात. त्या दिवशी सकाळपासून त्याने जुन्या खाणीकडे चढत जाणाऱ्या पायवाटेवर एक अख्खी मालिका लावली होती. किल्ल्या ठेवायच्या चुंबकी डब्या, सगळ्या एकसारख्या. कुठे कुंपणाच्या खांबाला, कुठे गंजक्या फाटकाला, एक तर थेट खाणीच्या रुळाखाली. आणि त्यातल्या कुठल्या तरी एकीत चिठ्ठीऐवजी ट्रकची चावी होती.

एरवी एवढंच झालं असतं तर व्हर्ननने कपाळावर हात मारून घेतला असता आणि विषय संपला असता. पण त्या दुपारी चर्चमध्ये जोलीनच्या लग्नाची रंगीत तालीम होती. ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या पदवीच्या समारंभाला व्हर्नन रस्त्याखालच्या एका मोरीत डबी शोधत बसला होता. या वेळी तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, तालमीला उशीर केलास ना, तर लग्नातसुद्धा वेदीपर्यंत मी तुझ्याऐवजी रसेलकाकाचा हात धरून जाईन." आणि ही पोरगी आईवर गेली होती. बोलली की करायची.

"मी पळत वर जातो," व्हर्नन गाडीखालून बाहेर येत म्हणाला.

"या उन्हात? तुझ्या या गुडघ्यांनी? जोलीनला लग्नाआधी बापाचं क्रियाकर्म करायला लावू नकोस."

त्याने कुलूपवाल्याला फोन केला. कुलूपवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघतो.

"तुमच्या त्या डबीवाल्यांच्या क्लबातलं कुणी?"

"असल्या उन्हात मदतीला कोण येतंय? सगळे घरात गारव्याला बसलेत."

"मदतीला नाही येणार," डेल्फीन सावकाश म्हणाली, "पण नवी डबी जाहीर झाली तर?"

व्हर्नन तिच्याकडे पाहतच राहिला. ज्या छंदाला ती 'रिकामटेकड्यांचा कचरा' म्हणायची, त्याचं मर्म तिला नेमकं कळलं होतं. नव्या डबीच्या चिठ्ठीवर पहिली सही करण्याचा मान! त्यासाठी लोक भरल्या ताटावरून उठतात. रोवेना पिकेट तर म्हणे दाताच्या डॉक्टरकडून अर्धं तोंड बधिर असताना निघाली होती.

नव्या डब्या नेटवर जाहीर करायची परवानगी देणाऱ्या मिल्टनला व्हर्ननने फोन लावला. "मिल्टन, माझी मालिका आत्ता जाहीर कर. आत्ताच्या आत्ता!"

"एवढी काय घाई? एरवी तुझ्या डब्यांना कोण विचारतं?"

हे व्हर्ननला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. त्याच्या डब्यांवर लोक 'सापडली. ठीक.' याच्यापुढे कधी लिहीत नसत. तरी त्याने अपमान गिळला, आणि मिल्टनने बटण दाबलं.

थोड्याच वेळात खालच्या रस्त्यावर धुरळा उठला. सगळ्यात पुढे रोवेनाची जीप. ती थांबायच्या आत रोवेना खाली उतरलेली.

"रोवेना, थांब! एका डबीत माझी—"

"चूप! एक अक्षर बोलू नकोस!" तिने दोन्ही कानांत बोटं घातली. "मालकाने इशारा दिला की पहिल्या सहीचा मान बाद!" आणि ती पायवाटेला लागलीसुद्धा.

मागोमाग म्हातारा एल्मर व्हॅन घेऊन आला. "अरे एल्मर, ऐक तरी, चावी—"

"मला ऐकू येत नाही! कानातलं यंत्र काढून ठेवलंय!"

आणखी गाड्या आल्या. लोक कानांवर हात ठेवून व्हर्ननच्या समोरून पळत होते. मग सगळं शांत झालं. पालो व्हर्डेच्या काटेरी झाडाच्या विरळ सावलीत नवराबायको बसले. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. व्हर्ननच्या डोळ्यांसमोर रसेलचा जाडजूड दंड येत होता आणि त्यावर जोलीनचा हात. त्याला खरंच रडू येत होतं.

शेवटी रोवेना खाली आली. चेहरा लालबुंद, बाहीत निवडुंगाचे काटे, आणि हातात उंच धरलेली चावी. मागून आणखी पाचसहा जण.

"व्हर्नन, मानलं तुला! सगळ्या डब्यांत चिठ्ठ्या आणि एकीत ट्रकची चावी! असा खेळ जन्मात पाहिला नाही!"

"दे इकडे!"

"अशी कशी देऊ? डबीतलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं मागे ठेवायचं, हा नियम. मी माझ्या जीपची चावी ठेवून आलेय." ती जवळ आली. "एकच सांग. हे मुद्दाम केलंस की चुकून? चुकून असेल तर ही घे तुझी चावी. मुद्दाम असेल तर ट्रक माझा. जीप तुझी, चावी वर आहे, जाऊन आण."

सगळे व्हर्ननकडे पाहत होते. कौतुकाने! त्याच्याकडे असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. 'मुद्दाम' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. त्याने डेल्फीनकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती.

"चुकून," व्हर्नन म्हणाला. "बायकोने नजरचुकीने डबी पिशवीत टाकली. मला काहीही सुचलेलं नव्हतं."

रोवेनाने चावी त्याच्या हातात ठेवली.

तेवढ्यात वरून एल्मर चावी फिरवत उतरला. "मला जीप लागली! माझी व्हॅन ठेवून आलो!"

"व्हॅन माझ्याकडे!" त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा, थांबा, चूक झालीय!" व्हर्नन ओरडला. पण डेल्फीनने त्याला दंडाला धरून ट्रकमध्ये कोंबलं आणि स्वतः गाडी हाकली.

चर्चमध्ये ते पोचले तेव्हा जोलीन रसेलकाकाच्या दंडावर हात ठेवून उभी होती. बापाच्या शर्टाच्या पाठीवर सगळी खडी चिकटलेली पाहून तिने काकाच्या दंडावरचा हात काढला. व्हर्ननला एकदम हुंदका आला आणि तो त्याने खोकला म्हणून खपवला.

खिशातला फोन मात्र थांबेना. डेल्फीनने तो काढून हळू आवाजात वाचला.

"रोवेना लिहिते, 'वर्षातली सर्वांत भारी मालिका. आणि मालकाचा विनय तर बघा! म्हणे चुकून झालं, म्हणे बायकोने केलं. थोर माणसं अशीच असतात.'"

"अगं, पण मी खरं सांगितलं होतं!"

"दुसरा लिहितो, 'माझी मोटार ठेवली, मागे ट्रेलर लावलेला पिकअप मिळाला. धन्यवाद, व्हर्नन.' आणि लगेच पुन्हा तोच. 'ट्रेलरमध्ये घोडा आहे. कुणाचा?'"

व्हर्ननच्या तोंडचं पाणी पळालं. "फोन दे. सगळ्यांना सांगतो. ही चूक आहे, निस्तरली पाहिजे—"

"एकदा खरं सांगितलंस ना? बास झालं," डेल्फीन म्हणाली आणि तिने फोन पर्समध्ये टाकला. "त्यांना पटलं नाही, तो त्यांचा प्रश्न."

ऑर्गन सुरू झाला. व्हर्ननने दंड पुढे केला, जोलीनने तो घट्ट धरला आणि दोघं निघाले.

"बाबा, हळू चाल ना," ती कुजबुजली. "कुणी मागे लागलंय का?"

"अजून तरी नाही," व्हर्नन म्हणाला, आणि चालता चालता त्याने एकदा दाराकडे वळून पाहिलं.