वाटी, ताटली, परात

"परात मागे घे! परात मागे! वाटी आण, वाटी!"

झिपरू आप्पा इतक्या जोरात ओरडले, की आमच्या नवागामातले कावळे उडाले ते थेट पलीकडच्या उधन्याला जाऊन बसले. हातात परात धरून मी उभाच. बघणाऱ्या बायकांना वाटलं, आप्पांची पंगत बसतेय.

पंगत नव्हती. आप्पांकडे जमिनीतला धातू हुडकायचं यंत्र आहे. लांब दांडा, कानाला हेडफोन आणि खाली जमिनीवरून फिरवायची गोल चकती. चकत्या तीन. दुकानदार त्यांना लहान-मधली-मोठी कॉइल म्हणतो, आप्पा वाटी, ताटली, परात म्हणतात. चाळीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मास्तर होते. काम सुटल्यावर लोक काशीला जातात, आप्पांनी यंत्र आणलं. आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच. बोलायला हे यंत्र, आणि त्याला शब्द एकच येतो, टीं.

"परात खोल ऐकते भो! पण एका परातीत दहा भाज्या वाढल्या, तर कोणती कुठली, कळंल का? म्हणून जिथं खिळे, झाकणं, तारांचा कचरा, तिथं वाटी. एका वेळी एकच भाजी! आणि जागा साफ असली की परात. पटापट उरकतं."

हे मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत उलटं म्हणून दाखवीन. माणसंही ते याच मापानं मोजतात. आमचा घरमालक परात: ऐकतो सगळं, कळत काही नाही. माझी बायको वाटी: मुद्दा एकच, पण सोडायची नाही.

आणि त्या दिवशी घोळ हिचाच होता. आदल्या रात्री गरब्यात हिच्या गळ्यातल्या पोतीतलं सोन्याचं डोरलं पडलं. माझ्या आईनं स्वतःच्या गळ्यातलं काढून दिलेलं! संध्याकाळच्या गाडीनं नंदुरबारला आईकडेच निघायचं होतं.

"डोरल्याशिवाय मी सासूबाईंच्या दारात पाय ठेवायची नाही. तुम्ही जा एकटे," हिनं जाहीर केलं. एकटा गेलो असतो, तर आईनं मला त्याच गाडीनं परत पाठवलं असतं.

मैदानावर गरब्यासाठी नवी, चाळलेली वाळू पसरलेली. टाचणीसुद्धा नाही. म्हणजे आप्पांच्याच शास्त्रानं परात! तीच मी पिशवीतून काढली, आणि कावळे उडाले.

"तुले काय समजस?" आप्पा गरजले. "दागिना केवढा? हरभऱ्याएवढा! वाटीच लागंल."

वाटीनं ते मैदान धुंडाळणं म्हणजे चमच्यानं तापी उपसणं. एक वाजता सुरू केलं. दोनला अर्धी गल्ली जमली. खुर्च्या आल्या, चहा आला, फाफडा आला. दर चार पावलांवर आप्पा हेडफोन काढायचे आणि किस्सा सोडायचे.

"एकदा नदीच्या वाळूत परात लावली भो, तर खाली पाताळात कोणाच्या तरी घड्याळाचा गजर वाजत होता!"

"मग, आप्पा?"

"मग काय! मी वरून ओरडलो, उठ रे बाबा, शिफ्ट लागली!"

गल्ली लोटपोट. शेजारच्या गुजराती बेन सापडलं का म्हणून विचारायच्या, "काका, मळ्युं?"

"शांती राखो, बेन!"

मी कसली शांती राखतो! चार वाजले. ही भरलेल्या बॅगेवर बसून रडायच्या बेतात. साडेपाचची गाडी. 

आणि... टीं!

आप्पा गुडघ्यांवर. दोन बोटं वाळूत. वर आलं ते डोरलं! पोरींनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी पत्र्याचा डबा बडवला, भर उन्हात आप्पांभोवती गरबा फिरला. ही त्यांच्या पाया पडली, डोळे पुसले आणि पळाली रिक्षा बघायला. पाच मिनिटांत खुर्च्या उचलल्या गेल्या, मैदान रिकामं.

मी दांडा सोडवायला मदत करत होतो. राहवेना.

"आप्पा, खरं सांगा. साफ वाळू होती. परातीनं लवकर सापडलं असतं ना?"

आप्पा वाटीवरची वाळू पुसत होते.

"दहा मिनिटांत."

"मग?"

"मग दहा मिनिटांत तुम्ही सगळे घरी गेला असता."