सोनाजीची चार मडकी

बानाबाईने भाडेकरूच्या मडक्याचं भोक सिमेंटने बुजवलं, तेव्हा तिच्या मनात परोपकाराशिवाय दुसरं काही नव्हतं. भाडेकरू चार दिवस मुंबईला गेलेला, खोलीची किल्ली तिच्याकडे. झाडायला म्हणून वर गेली तर कोपऱ्यात हे मडकं. काळंभोर, घाटदार, टिचकी मारली तर खणखणणारं. आणि पोटाला चांगला कांदा आत जाईल एवढं भोक. इतका शिकलेला माणूस, पण बाजारात कोणीतरी त्याला फसवलंच! ओट्याच्या डागडुजीतलं मूठभर सिमेंट घरात उरलं होतं. बानाबाईने भोक बुजवलं, दोन दिवस त्यावर ओलं फडकं ठेवलं आणि मग पाणी भरून मडकं खाली तिवईवर मांडलं. थेंबभर गळलं नाही.

भाडेकरूचं नाव प्रभुदास पाटोळे. मूळचा जालन्याचा ख्रिस्ती, वाढला मुंबईत. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे शहरातल्या ज्या मोठ्या हॉटेलात उतरत, तिथे जॅझ वाजवायला म्हणून तो आला होता आणि मुकुंदवाडीत बानाबाईचा नवरा सोनाजी याच्या माडीवर राहिला होता. जॅझ म्हणजे काय, असं सोनाजीने त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "काका, गाणं ठरलेलं असतं, पण ते कसं वाजवायचं हे आयत्या वेळी ठरतं," असं पाटोळेने सांगितलं. सोनाजीला ते लगेच पटलं. बानाबाईचा स्वयंपाक याच तऱ्हेने होत असे.

पण हा माणूस वाजवतो तरी काय, हे कोडं काही सुटत नव्हतं. माडीवरून कधी म्हैस पाणी पीत असल्यासारखा आवाज येई, कधी ती चिखलातून चालत असल्यासारखा. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपवून घरी बसलेल्या माणसाला एवढं कुतूहल पुरेसं होतं. सोनाजी जिन्याखाली खुर्ची टाकून तासन् तास ऐकत बसे. विचारलं की पाटोळे हसून म्हणे, "शनिवारच्या कार्यक्रमाला या, तेव्हा बघा."

तो शनिवार उजाडला. पाटोळे सकाळच्या गाडीने मुंबईहून आला, बॅग ओट्यावरच ठेवून तसाच हॉटेलकडे निघाला. जाता जाता फाटकातून ओरडला, "काका, पाच वाजता येतो आणि वरचं मडकं घेऊन जातो. साडेसहाला कार्यक्रम आहे. आज आवडलं तर सहा महिन्यांचं काम पक्कं, नाहीतर उद्या गाशा गुंडाळून मुंबई!"

"मडकं कशाला?" सोनाजीने विचारलं.

"तेच तर वाजवतो! आफ्रिकेत बायका असं भोकाचं मडकं वाजवतात. सगळी जादू त्या भोकात आहे!" असं म्हणून तो रिक्षात बसला.

सोनाजीला केवढा आनंद झाला! कोडं सुटलं होतं. त्याच आनंदात तो घरात गेला आणि बानाबाईला म्हणाला, "अगं, ऐकलंस का? तो मडकं वाजवतो, मडकं! भोकाचं!"

बानाबाईने तिवईकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं.

पुढच्या पाऊण तासात सोनाजीने छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंट काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या घावाला मडक्याचे तीन तुकडे झाले. सिमेंट मात्र जागचं हललं नाही.

"आपल्या घरात त्याची वस्तू मोडली," बानाबाई रडवेली होऊन म्हणाली. "पोराचं पोट हाय त्याच्यावर. कायबी करा, पन पाचाच्या आत मडकं आणा."

सोनाजी सायकल काढून थेट भागूबाईच्या पालावर गेला. भागूबाई कुंभारीण, चाळीस वर्षं मडकी विकत आलेली. सोनाजीने एकेक मडकं उचलून, टिचकी मारून, कान लावून पाहिलं. चांगल्या गिऱ्हाइकाची हीच रीत, म्हणून भागूबाई खूश होती. शेवटी एक काळं मडकं त्याच्या पसंतीस उतरलं.

"आता याच्या पोटाला एक भोक पाडून दे," सोनाजी म्हणाला.

भागूबाईचा हात थांबला. पोटाला भोक पाडलेलं मडकं माणसाला आयुष्यात एकदाच लागतं, आणि ते आणायला तो स्वतः येत नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"कोन गेलं, दादा?"

"कुनी गेलं नाय."

"व्हय, व्हय," भागूबाई मायेने म्हणाली. नुकतंच दुःख कोसळलेलं माणूस असंच बोलतं, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. "पन दादा, मयताचं मडकं वाजवून घेत नसतात. आन् भोक मी पाडू व्हय? ते तिथं पाडायचं, मसनात."

"अगं बाई, मयताचं नाय! वाजवायला पायजे."

भागूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस भ्रमिष्ट झाला होता.

भोक घरीच पाडावं लागणार, आणि पाडताना एखाददुसरं फुटणार, हे सोनाजीने ओळखलं. शहाणपणा म्हणून तो म्हणाला, "बरं, मग चार दे."

"चार?" भागूबाई मटकन खाली बसली. "एका घरात चार?"

सोनाजीने पैसे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. चारही मडकी गोणपाटात बांधून दिली आणि तो वळताच पलीकडच्या दूधवाल्याला हाक मारली. सोनाजीच्या घरात माणसं मोजून चार: सोनाजी, बानाबाई, म्हातारी आई सुगंधाबाई आणि वरचा भाडेकरू. दूधवाला फुलंब्रीचा, आणि सोनाजीचं आजोळही फुलंब्रीचंच. दुपारी बारापर्यंत फुलंब्रीत पक्कं झालं होतं की सोनाजीचं अख्खं घर गेलं. मग मडकी कोणी नेली, हा प्रश्न एकाने विचारला होता, पण अशा वेळी फाटे फोडू नयेत म्हणून त्याला गप्प बसवण्यात आलं.

इकडे सोनाजीने पहिलं मडकं छिन्नीने फोडलं, दुसरं खिळ्याने, तिसरं तापवलेल्या सळईने. तीन वाजता एकच मडकं उरलं होतं आणि त्याला हात लावायची त्याची छाती होईना. तेवढ्यात बाजारात बातमी ऐकून शेजारची आशाबाई पदराखाली पिठलं-भाकरी झाकून आली. ज्या घरातलं माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. कडू घास शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. दार सोनाजीनेच उघडलं.

"अगं आई गं!" असं म्हणून आशाबाईने भाकरीची दुरडी तिथेच टाकली.

सोनाजी तिला समजावत होता, तोच दारात टेम्पो थांबला आणि त्यातून फुलंब्रीची वीस-पंचवीस माणसं उतरली. बायांनी गळा काढला. पुरुषांनी बांबू उतरवले, आठ. सगळ्यांच्या पुढे कारभारी होता, सोनाजीचा मामेभाऊ.

या कारभारीबद्दल सांगायलाच हवं. पंचक्रोशीत कोणी गेलं की पहिली हाक त्याला. तिरडी बांधावी त्यानेच, लाकडं रचावीत त्यानेच. पण त्याच गुणामुळे त्याला लग्नाला, बारशाला बोलवायची कोणाची हिंमत होत नसे. कारभारी दारात दिसला की लोक आधी घरातली म्हातारी माणसं मोजत. सोनाजीनेही मुलीच्या लग्नात त्याला पत्रिका दिली नव्हती. कारभारीने शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाती नवरीला लुगडं मात्र पाठवलं. त्या लुगड्याची सोनाजीला आजही लाज वाटे.

अंगणात शेवग्याच्या झाडाखाली बाजेवर सुगंधाबाई बसली होती. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली तिला तिसरं मूल झालं होतं, याहून वयाचा दुसरा पुरावा तिच्याकडे नव्हता. गर्दी बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोन? कारभारी का रे? कोन गेलं?"

कारभारी आयुष्यात पहिल्यांदाच गोंधळला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "तूच गेलीस."

"मी? कवा?"

"सकाळी. समदीच गेली म्हनं."

"मला कुनी काय सांगत नाय बघ या घरात," सुगंधाबाई कुरकुरली.

सोनाजीने सगळ्यांना हात जोडले आणि पहिल्यापासून हकीकत सांगितली. लोकांना ती पटायला वेळ लागला. मेलेली चार माणसं जिवंत आहेत हे एकवेळ मान्य, पण भोकाचं मडकं वाजवून माणूस पोट भरतो, हे कसं मान्य करायचं? जमलेल्या बायांना एकदम थांबता येईना, त्या हुंदके देतच राहिल्या.

कारभारीने मात्र भलतंच विचारलं. "भोक कुठं पायजे?"

"पोटाला. कांदा जाईल येवढं. पन तीन फुटली रे, हे येकच ऱ्हायलं."

"रिकामी व्हती ना? रिकामं मडकं फुटतंच. भरलेलं ऐकतं." कारभारीने खिशातून गुळगुळीत काळा दगड काढला. "चाळीस साल भोकं पाडतो. एक मडकं वाया गेलं नाय. पन मला त्याच रीतीनं जमतं. पान्यानं भरून कुनीतरी खांद्यावर घ्यायचं, पुढं चालायचं, मी मागून मारनार."

मयताचं मडकं खांद्यावर कोण घेणार? आई जिवंत असताना सोनाजीला घेता येईना. ज्याच्याकडे पाहावं त्याला आई नाहीतर बाप होताच. ज्यांना दोन्ही नव्हते त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. घड्याळात पावणेपाच झाले.

"म्या घेते," सुगंधाबाई बाजेवरून उठू लागली. "मी सकाळीच गेलेली हाय ना? मला आता काय हुतंय!"

तिला कशीबशी बसवतात तोच रिक्षा थांबली आणि पाटोळे आत आला. अंगणभर पांढरे फेटे, आठ बांबू, रडणाऱ्या बाया आणि ओट्यावर खापऱ्यांचा ढीग. त्यात त्याला आपलं मडकं ओळखू आलं, भोक सिमेंटने बुजलेलं. त्याचा चेहरा पडला. बानाबाईने रडत रडत सगळं सांगितलं आणि म्हणाली, "माझ्याकडून झालं रे बाबा. पानी गळंल म्हनून..."

पाटोळेने शेवटचं मडकं उचललं, टिचकी मारली, कान लावला. "आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "खांद्यावर घ्यायचंय ना? मी घेतो. आमच्यात याचा काही दोष नाही."

मडकं काठोकाठ भरलं. पाटोळेने ते डाव्या खांद्यावर घेतलं आणि शेवग्याभोवती चालू लागला. मागे दगड घेऊन कारभारी. त्याच्या मागे, सवयीने, सगळं फुलंब्री. बानाबाईने डोळे झाकून घेतले. फुटलं असतं तर पाटोळेचं काम गेलं असतं, आणि ते सोनाजीच्या घराने घालवलं असतं.

"टक्."

एवढासाच आवाज झाला. पाण्याची धार उडाली आणि बायांनी रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडला. कारभारीने दगडाच्या टोकाने कडा उकरत भोक हवं तेवढं मोठं केलं. बांगडीसारखं गोल! पाटोळेने पाणी ओतून दिलं, ओलं मडकं मांडीवर घेतलं, एक हात तोंडावर आणि दुसरा भोकावर धरला.

"बुंऽग," मडकं म्हणालं.

खोल विहिरीत दगड पडावा तसा तो आवाज होता. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. पाटोळेने पुन्हा वाजवलं आणि लहान मुलासारखा हसला. "काका, आधीच्या मडक्यापेक्षा हे चांगलं आहे!"

साडेसहाला हॉटेलच्या हिरवळीवर परदेशी पाहुण्यांच्या मागे सुगंधाबाईसकट सोनाजीचं घर आणि फुलंब्रीचे पांढरे फेटे बसले होते. टेम्पोचं भाडं वाया कशाला घालवायचं? कारभारीला पाटोळेने हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. साथीला सॅक्सोफोन होता, मोठं व्हायोलिन होतं, पण सोनाजीचं लक्ष मडक्यावर. माडीवरची म्हैस आज डोळ्यांसमोर पाणी पीत होती, चिखलातून चालत होती, मध्येच थांबून विचार करत होती. शेवटी पाटोळेने कारभारीला उभं केलं आणि या वाद्याला आवाज यांनी दिला, असं सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कारभारीने मागे वळून पाहिलं, कोणासाठी वाजतायत म्हणून. हॉटेलचा मालक पाटोळेचा हात सोडेना. सहा महिन्यांचं काम पक्कं झालं होतं.

लोक निघाले, तसा कारभारीही उठला आणि कोणाशी न बोलता टेम्पोकडे चालू लागला. मयताला आलेल्या माणसाने निघताना "येतो" म्हणायचं नसतं, मुकाट उठून जायचं असतं. कारभारीचं सगळं येणंजाणं मयताचं, त्यामुळे कोणाच्या दारात हा शब्द त्याच्या तोंडून वर्षानुवर्षं निघाला नव्हता. सोनाजीला ते पाहवेना.

"कारभारी, थांब!" तो धावत गेला. "येत्या रविवारी नातीचं बारसं हाय. तुला यायचं हाय."

"मला?" कारभारी म्हणाला. "इचार करून बोल बाबा."

"केलाय. लई उशिरा केला, पन केलाय."

कारभारी खाकरला. "सोनाजी, आज इथं कुनी गेलेलं नाय ना?"

"नाय रे."

"मंग येतो," कारभारी म्हणाला. शब्द त्याच्या तोंडाला जड गेला, म्हणून त्याने तो पुन्हा म्हणून पाहिला. मग परत फिरून बानाबाईला म्हणाला, आत्याला म्हणाला, मडकं गोणपाटात गुंडाळत असलेल्या पाटोळेला म्हणाला. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता तरी वाट वाकडी करून तो फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी गेला आणि त्यालाही म्हणाला, "येतो बरं का."

पहारेकरी त्याला ओळखत नव्हता. त्याने सलाम ठोकला. "या साहेब," तो म्हणाला, "पुन्हा या."