निळ्या संत्र्यांचा शेषराव

"दुःख कुठं आहे बे? दुःख! नुसतं बडवणं कोणालेबी येते, मले दुःख पाहिजे!"

गांधीबागेतल्या धोतरांच्या गोदामात, छताला टेकलेल्या गठ्ठ्यांवर उभा राहून शेषराव ओरडत होता. खाली ड्रमवर पुंडलिक आणि खंजिरीवर मी. पुंडलिक पोटभर तर्री-पोहे हाणून आला होता, आणि ते म्हणे त्याच्या वाजवण्यात ऐकू येत होतं.

"तर्री येऊन राहिली तुह्या हातातून! उद्यापासून उपाशी येत जा."

शेषराव माझा शेजारी. वडिलांचा धोतरांचा ठोक धंदा, लग्न राहून गेलेलं, आणि अंगात बारमाही काळा कोट. नागपूरच्या मे महिन्यात काळा कोट दोघेच घालतात, वकील आणि शेषराव. वकील निदान घरी गेल्यावर काढतो. शेषरावाच्या तर सावलीलाही घाम यायचा.

हे खूळ त्याला अजनीच्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डानं लावलं. गार्ड ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा आपली गिटार आणि रेकॉर्डी शेषरावाला देऊन गेला, आणि बदल्यात गठ्ठाभर धोतरं घेऊन गेला. तिकडं त्या धोतरांचं काय झालं, ते अजून कळलेलं नाही. इकडं मात्र शेषराव ब्लूज-रॉकचा विदर्भातला एकमेव जाणकार झाला.

"ब्लूज म्हणजे कण्हणं," तो समजावून सांगायचा. "कण्हण्याले करंट देल्ला का झाला रॉक!"

बँडमध्ये भरती दुःख पाहून व्हायची. माझं बी.ए. लटकलेलं होतं, म्हणून खंजिरी मिळाली. पुंडलिकाचं दुःख मात्र अव्वल दर्जाचं. उमरेडच्या एका मुलीवर त्याचा जीव होता, आणि तिचा बाप 'बाजेवाल्याले पोरगी देत नाई' म्हणून अडून बसला होता. हे ऐकल्यावर शेषरावानं त्याला मिठीच मारली. "सांभाळून ठेव गा! असं दुःख बजारात भेटत नाई."

बँडचं नाव त्यानं 'ब्लू ऑरेंजेस' ठेवलं.

"निळं संत्रं म्हणजे सडलेलं, शेषरावभाऊ," पुंडलिक म्हणाला.

"मंग? आपण का ताजे आहो?"

गोदामात वाजवण्याचा एक फायदा होता. सगळा आवाज गठ्ठे पिऊन टाकायचे, त्यामुळं तक्रार कोणाची नव्हती. तोटाही तोच. आम्हाला कोणी ऐकलंच नव्हतं. शेषरावाला झुरणी लागली होती ती याचीच. "लोकांसमोर वाजवू राजा, मंग मराले मोकळा मी." शेवटी सीताबर्डीच्या एका हॉटेलमालकानं दर शनिवारी वाजवायला होकार दिला. शेषरावानं गल्लीभर पेढे वाटले. तोंड मात्र ब्लूजला शोभेल असं सुतकीच ठेवलं.

त्याच आठवड्यात उमरेडहून निरोप आला, पोरगी द्यायला तयार आहोत.

"घात झाला!" शेषराव कपाळ बडवत ओरडला. "याचं दुःखच गेलं ना बाप्पा!"

तरी लग्नात वाजवायला तो कोट इस्त्री करून हजर. पंगत बसली, मुंडावळ्या बांधलेला पुंडलिक ड्रमवर बसला, आणि शेषरावानं गळा काढला. तो असा काढला, की आत बसलेल्या बायांना वाटलं बिदाईची वेळ झाली. त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना पाहून नवरी रडली. नवरी रडताना पाहून वऱ्हाडाच्या बसवाल्यानं हॉर्न मारला. लोक अर्ध्या पानावरून उठले, मुलीला बसमध्ये बसवलं आणि बस नागपूरच्या रस्त्याला लागलीसुद्धा! पुंडलिक डोळे मिटून वाजवतच होता. उघडले तेव्हा मांडवात आम्ही तिघं आणि बुंदी खाणारी एक गाय. नवरदेवाला ट्रॅक्टरवर बसवून बायकोच्या मागं पिटाळावं लागलं.

ब्लू ऑरेंजेसचा हा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम. पुंडलिक पुन्हा गोदामात फिरकला नाही, आणि हॉटेलवाल्यानं गझला गाणारा आणला. शेषराव चौकाचौकात सांगत फिरला, "सुखानं खाल्लं त्या पुंडलिकले!" आम्हीही मान डोलवली.

पुष्कळ वर्षांनी उमरेडच्या एस.टी. स्टँडवर पुंडलिकाचे सासरे भेटले. गोष्टी निघाल्या तसे म्हणाले, "तुमचा तो काळा कोटवाला आलता ना माह्या घरी. दिवसभर ओट्यावरून उठेचना. म्हणे, पुंडलिक पुन्हा बाजा वाजवणार नाई, माहा बँडच बंद करतो, पण पोरगी द्या. लग्नात एक गाणं तेवढं वाजवू द्या म्हणे. अन् जावयाले सांगू नका म्हणे."

मी तसाच गांधीबागेत गेलो. शेषराव धोतरांच्या घड्या घालत बसला होता.

"काहून केलं गा असं? सीताबर्डीचं जमलं होतं ना तुझं!"

त्यानं मान वर केली नाही.

"गठ्ठ्यांमागं बसून रडे तो," शेषराव म्हणाला. "माल खराब होऊन राहिला होता."